सुटकेचा शॉट

४ जानेवारी २०१०, सोमवार

आले एकदाची पुण्यात! उदगीरहून रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी झाली, पण स्वारगेटला उतरून कडक चहा घेतला आणि सगळा शीण गेला. सदाशिव पेठेत कुसुमताई आपटे यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मिळाली आहे. ताई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. दारावर पाटी आहे, ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.’ त्यांनी नाव विचारलं, मी पूर्वा म्हटलं. पूर्ण नाव विचारलं, सोनकांबळे म्हटलं. त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि गीझर फार वेळ चालवायचा नाही असं सांगितलं. गीझरचा आणि आडनावाचा संबंध मला कळला, आणि मला तो कळलाय हे त्यांनाही कळलं. पण खोलीत उजेड झकास येतो, आणि नंतर त्यांनी न मागता पोहे आणून दिले. चालायचंच.

नोकरी धायरीत. फाट्यावर बसमधून उतरायचं आणि आत चालत जायचं. पहिल्या मजल्यावर गंधारचा स्टुडिओ, खाली त्याचंच गोडाऊन. हा गंधार परवापरवापर्यंत हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहीत होता. ते सोडून सिनेमावाला झालाय. त्याच्या वडिलांनी १९७४ साली ‘आतली कडी’ नावाचा भयपट काढला होता, आता ह्याने तोच नव्याने काढलाय. उन्हाळ्यात लागेल. मग डीव्हीडी येईल आणि तिच्यात एक जोडफिल्म असेल, पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जुना सिनेमा, उजव्या अर्ध्यात नवा, तोच प्रसंग शेजारी शेजारी. ती जोडफिल्म मी करायची. दिवसभर भयपट बघायचे आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय पाहिजे माणसाला!

बाबांना फोन केला. म्हणाले, आपल्या घरात देव्हारा नाही, तेव्हा भुतांनाही कुणी बोलावलेलं नाही, बिनधास्त काम कर. आईने विचारलं की जेवलीस का.

६ जानेवारी, बुधवार

दोन्ही सिनेमे पाहून झाले. गोष्ट एकच. नवी सून घरात येते, थोडं मोकळं बोलते, मोठ्याने हसते. सासू म्हणते हिला काहीतरी लागलंय, आणि तिला मागच्या खोलीत कोंडून घालते. बाहेरून कडी. शेवटी दार उघडतात तर खोली रिकामी.

जुना काळा-पांढरा. त्यात फारसं काही दाखवतच नाहीत. कडीचा आवाज येतो, आतून दार वाजतं, आणि बाहेर सासू पंगतीत भात वाढत राहते, मान वर करत नाही. बस्स. नव्यात तीच सून बाणेरच्या उंच टॉवरमध्ये. नवरा अमेरिकेला ऑनसाइट, सासू वेबकॅमवर, आणि सुनेला झालेलं असतं डिप्रेशन. कल्पना वाईट नाही. पण काही घडायच्या आधीच संगीत असं आदळतं की शेजारचा माणूस कोपर मारून सांगतोय, आता घाबर हं. गंधारने मत विचारलं. मी म्हटलं, जुन्यात मला सासूची भीती वाटली, नव्यात मेन्टेनन्स कोण भरतंय याची काळजी. तो हसला, पण पुरता नाही. मी जरा जास्तच बोलते, हे आईचं म्हणणं खरं आहे.

एक गोष्ट मात्र त्याने भारी केलीय. दोन्हीकडे दार तेच आहे, जुन्या सिनेमातलं अस्सल सागवानी. वडिलांनी जपून ठेवलं होतं, ते त्याने टॉवरमधल्या फ्लॅटला बसवलं. म्हणजे फ्लॅटच्या सेटला. सेट अजून खाली गोडाऊनमध्ये उभा आहे. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून आले. प्लायवूडच्या भिंती आणि त्यांत ते काळं, जड दार. हात लावला तर गार होतं.

९ जानेवारी, शनिवार

आज गंमतच सापडली. जुन्या सिनेमाचे न कापलेले तुकडे टेपवर उतरवून आलेत. सुनेचं काम केलंय वासंती नावाच्या नटीने. तिला कोंडल्याचा शॉट संपला की लगेच पुन्हा क्लॅप पडते, कुणीतरी बाहेरून कडी काढतं, दार उघडतं, आणि वासंती उंबरा ओलांडून बाहेर येते ती थेट कॅमेऱ्यात बघून हसते. प्रत्येक कोंडण्यानंतर हेच! एकदा जीभ दाखवते, एकदा कमरेवर हात ठेवून दिग्दर्शकाची नक्कल करते. कसली गोड बाई आहे. पण सिनेमात ह्यातलं काहीच नाही. रीळ इतकं महाग असताना ही उधळपट्टी कशाला? गंधारलाही ठाऊक नव्हतं. म्हणाला, जुने कॅमेरामन गोपाळकृष्ण काका तुझ्याच पेठेत राहतात, त्यांना विचार. त्याने स्वतः असले शॉट घेतलेले नाहीत.

११ जानेवारी, सोमवार

सकाळी काकांकडे गेले. पंचाहत्तरीच्या पुढचे असतील, पण ताठ आहेत. आधी म्हणाले, कॉम्प्युटरवाल्यांना आमची आठवण झाली म्हणजे लाइट गेले असणार. मग खुर्ची दिली.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या धंद्यात जुनी रीत होती, नटाने मरण्याचा शॉट दिला की लगेच त्याचा एक हसता शॉट घ्यायचा. दिग्दर्शक अनंतरावांनी, म्हणजे गंधारच्या वडिलांनी, ती रीत कोंडण्याला लावली. ते म्हणायचे, माणसाला कॅमेऱ्याने आत घातलं तर कॅमेऱ्यानेच बाहेर काढायला हवं, दारातूनच. युनिटमध्ये त्याला सुटकेचा शॉट म्हणत. फक्त शेवटच्या दिवशी रीळ संपलं, उजेड गेला, सगळ्यांना घरी जायची घाई. तेवढा एक राहिला.

मी विचारलं, मग काय झालं? काका म्हणाले, काही नाही. वासंती घरी गेली, लग्न केलं, नाशिकला असते. मग खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, ती शूटिंगला यायची तेव्हा अख्ख्या युनिटची नक्कल करायची. पुढे एकदा भेटली तेव्हा बोलणं तेच, हसणं तेच. पण आता कुणीतरी तिची नक्कल करत होतं. तिची आई त्यांच्याकडे येऊन बसायची आणि म्हणायची, तुम्ही मला दुसरीच पाठवलीत, माझी द्या. लोक म्हाताऱ्या बाईला हसले. काकाही हसले होते, हे त्यांनीच सांगितलं.

मला वाईट वाटलं, पण भीती-बिती नाही. लग्नानंतर बायकांचं हसणं जातं, त्याला भूत कशाला हवं?

१३ जानेवारी, बुधवार

आज मी चक्क नटी झाले! जुन्यातला एक शॉट नव्यात नाहीच. आतल्या बाजूने, सुनेची पाठ आणि दार बडवणारे हात. जोडफिल्ममध्ये त्या जागी उजवीकडे अंधार दिसला असता. नव्या सिनेमाची नायिका तनया, ती मुंबईला मालिकेत अडकलेली. गंधार म्हणाला, तुझी अंगकाठी तिच्यासारखीच आहे, तूच उभी राहा. तिचा निळा कुर्ता घातला, तशी वेणी घातली. कॅमेरा आत, मी आत, आणि बाहेरून खरीच कडी घातली, म्हणजे दार खरं हलेल. मी असं बडवलं की तळहात लाल झाले. गंधार खूश.

संपल्यावर मी गमतीने म्हटलं, आता माझा सुटकेचा शॉट घ्या की. गंधार म्हणाला, कार्ड भरलंय आणि लाइटवाल्यांचा टेम्पो खोळंबलाय. मीही म्हटलं, राहू दे, आमच्यात हे चालत नाही. दार उघडायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. मागची प्लायवूडची भिंत सरकवली आणि तिकडून सगळे बाहेर पडलो.

१५ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांत. कुसुमताईंनी तिळगूळ दिला आणि गोड बोलायची सक्ती नाही म्हणाल्या. सगळं छान चाललं होतं, पण न्हाणीघराची कडी अडकली. आतून निघेना. मी हाका मारल्या, दार वाजवलं. ताई बाहेरच भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांना म्हणे काहीच ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनीच सहज ढकललं तर दार उघडलं. म्हणाल्या, दार ढकलायलाही आता कोर्स करावा लागतो का?

आज बसमध्येही तेच. धायरी फाट्याला दार उघडलं, माणसं उतरली, आणि माझ्यापुढे येऊन मिटलं. कंडक्टरला ओरडून सांगितलं तर त्याने मान वळवली नाही. पुढच्या स्टॉपवरून उलट चालत आले. डोक्याला नुसता ताप.

१६ जानेवारी, शनिवार

माझा शॉट जोडला. डावीकडे वासंतीचे हात, उजवीकडे माझे. दोन्ही दारं एकाच वेळी वाजतात. इथपर्यंत ठीक.

पण पुढच्या प्रसंगातही वाजतात. उजवीकडे दिवाणखाना आहे, सासू वेबकॅमवर बोलतेय, आणि तिच्या आवाजामागे दार वाजतंय. मी आवाजाचा तो तुकडा कापला. तरी वाजतंय. स्पीकर बंद केले. तरी. मग कळलं, आवाज खालून येतोय. गोडाऊनमध्ये गेले. भर दुपार, ऊन आत आलेलं. सेटच्या मागे जाऊन पाहिलं, भिंत अजून तशीच सरकवलेली, खोली रिकामी, दार गप्प. वर आले की पुन्हा सुरू.

उंदीर असतील. उंदीर असं थांबून थांबून बडवत नाहीत, हे मलाही कळतं. पण लिहून ठेवते, उंदीर.

१८ जानेवारी, सोमवार

कुसुमताई आज माझ्याशी फार प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, काल दुपारी छान गप्पा मारल्यास गं, चहाही तूच केलास, असंच वागत जा. काल दुपारी मी माझ्या खोलीत होते. दार लागून बसलं होतं, मी ताई ताई करून घसा कोरडा केला, आणि दिवेलागणीला ते आपोआप उघडलं.

आईला फोन लावला. ती आनंदात होती. म्हणाली, काल किती दिवसांनी तासभर बोललीस, बाबांशीसुद्धा, बरं वाटलं. मी काल फोन केलेला नाही. आईला तसं सांगितलं तर हसली, चेष्टा पुरे म्हणाली. मी रडले. मला खरंच भीती वाटतेय. बाबांना हे कसं सांगू?

२० जानेवारी, बुधवार

गंधारला विचारलं, शूटिंगनंतर तनया कशी आहे. म्हणाला, अगं सोन्यासारखी झालीय. आधी केवढे नखरे, केवढी भांडणं. आता म्हणाल ते ऐकते. फक्त तिचा कुत्रा तिला जवळ येऊ देत नाही, बिचारी रडत होती.

मी त्याला हात जोडले. म्हटलं माझा एक शॉट घे, दारातून बाहेर येतानाचा, पाच मिनिटांचं काम. तो म्हणाला, पूर्वा, तू? तू तर आमच्यातली सायन्सवाली! वर हेही सांगितलं की शनिवारी सेट पाडतायत आणि दार जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला विकलंय. कॅमेराही मुंबईला गेलाय.

शनिवारी दार जाणार. म्हणजे त्याच्या आत मला सुटायला हवं. दुसरा उपाय नाही.

धावत काकांकडे गेले. ते जिन्यातच भेटले, म्हणून बरं. मी बोलत होते तोवर त्यांनी एकदाही हसून पाहिलं नाही. म्हणाले, भाच्याचा लग्नाचे व्हिडिओ काढायचा कॅमेरा आहे, तो घेऊन शुक्रवारी दुपारी येतो. एकदा चुकलं पोरी, आता नाही चुकायचं.

२१ जानेवारी, गुरुवार

खोलीबाहेर पडता आलं नाही. दिवसभर. बाहेर कुसुमताई कुणाशी तरी हसून बोलत होत्या. उत्तर माझ्या आवाजात. माझेच विनोद — ते गीझरवरून मी मनातल्या मनात करते तेसुद्धा — ती मोठ्याने करत होती आणि ताई हसत होत्या.

दार वाजवत राहिले. हात सुजलेत.

२२ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ताई केर काढायला आत आल्या, त्यांच्या अंगाला अंग घासून बाहेर निसटले. त्यांनी पाहिलं नाही. बसचा नाद सोडला, सिंहगड रोडने चालत आले. दारं नकोत.

काका आलेत. गंधार वर आहे, त्याला सांगितलेलं नाही. काकांनी मला पाहिलं, ओळखलं, डोक्यावर हात ठेवला. किती बरं वाटलं!

आता सेटच्या खोलीत आहे. मागची भिंत सरकवून बंद केली, बाहेरून कडी घातली. बाहेर यायचं तर आधी नीट आत जायला हवं, असं काका म्हणाले. त्यांना कॅमेरा लावायला वेळ लागतोय, म्हणून पिशवीतून वही काढून लिहितेय. मोबाइलचा टॉर्च आहे. काका क्लॅप वाजवतील, कडी काढतील, मी उंबरा ओलांडेन, हसेन. मग उद्याच्या गाडीने घरी. आईच्या हातची ज्वारीची भाकरी. बाबा टिंगल करतील, करू देत.

क्लॅप वाजली.

त्याच दिवशी. नंतर

कडी निघाली. दार उघडलं. उजेड. मी पाऊल उचललं आणि —

माझ्या खांद्यापाशी थंड लागलं आणि कुणीतरी पुढे गेलं. माझी वेणी. माझा कुर्ता. तिच्या पाठीवर माझी पिशवी. ती उंबरा ओलांडून गेली. कॅमेऱ्याकडे बघून हसली. दार लागलं. मी आत आहे.

ओरडले. काका, काका म्हणून ओरडले. काका बाहेर सावकाश म्हणाले की सुटलीस पोरी. मग थांबले. त्यांना काहीतरी वाटलं, मला खात्री आहे त्यांना वाटलं! त्यांनी तिला विचारलं, वडिलांचं नाव काय तुझ्या. ती म्हणाली, समाधान. गाव विचारलं. ती म्हणाली, उदगीर. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. अहो काका, तिला सगळं येतं! सगळं!

बाहेर माझ्या फोनची रिंग वाजली. माझा फोन माझ्या हातात आहे. रेंज नाही.

तिने घेतला. म्हणाली, आई, उद्या येतेय गं घरी, भाकरी करून ठेव.

आई ती मी नाही. आई —

मागची भिंत सरकत नाही. ती प्लायवूडची नाही आता. गार आहे, दारासारखी.

शनिवार असेल

माणसं आलीत. हातोडे. गंधारचा आवाज, जपून रे, दाराला ओरखडा नको. मी बडवतेय. ते हातोड्यांत मिसळतं.

एक भिंत पाडली. कोसळल्याचा आवाज आला. आत काही बदललं नाही.

दुसरी पाडली. तिसरी. त्यांच्या बाजूला आता उघडं गोडाऊन असणार, ऊन असणार. माझ्या बाजूला चारही भिंती —

टॉर्च मंद होतोय.

दार उचललं त्यांनी. जमीन तिरकी झाली. टेम्पोचं इंजिन. मी दाराबरोबर —

कुठे नेतायत — बाबांना कोण सांगेल — बाबा मानणार नाहीत, मीही मानलं नसतं —

कोपऱ्यात बांगड्या वाजल्या.

माझ्या आत कुणीतरी आहे, नाही, माझ्याजवळ. इथे. नऊवारी. चेहऱ्यावर अजून रंग, शूटिंगचा. वय माझ्याएवढं. घाबरलेली नाही, नुसती दमलीय. मी रडले तशी तिने माझी नक्कल केली, हसवायला. हुबेहूब.

मग हळूच विचारलं, बाहेर रीळ मिळालं का, आता माझा शॉट घेतील ना. आई वाट बघत असेल.

मी तिला काय सां—